विचारू नका, बघा

चंडीगढ, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस, ज्ञानदाचा वाकून नमस्कार.

फोनवर विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. रिसोडला परतायची एवढी कसली घाई झाली? आमच्या दंतवैद्यांच्या संस्थेतल्या मंडळींना खास तुला भेटायला जेवायला बोलावलं, तर तू डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडलीस. पंजाबी जेवण आईला चालत नाही, असं सांगून मी वेळ मारून नेली. सगळे हसले. सरकारी आरोग्य केंद्रात साखर-बीपीबरोबर तोंडही तपासावं, हा सरकारला द्यायचा आमचा मसुदा आता शेवटच्या टप्प्यात आहे. कौतुक करायचं सोडून तू रुसलीस.

चुकलं असेल तर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ज्ञानदा

रिसोड, ११ फेब्रुवारी

चि. ज्ञानदास, पोटभर आशीर्वाद.

रुसले नाही गं. मला चावताच येत नाही. दाढा हलतात, हिरड्यांतून रक्त येतं. त्या दिवशी सकाळी अक्षराला जवळ घेतलं, तर तोंड फिरवून म्हणाली, "आजी, आपके मुँह से स्मेल आती है." पोर खोटं बोलली नाही, तिला रागावू नकोस. पण दातांच्या डॉक्टरणीची आई असलं तोंड घेऊन पाहुण्यांत कशी बसणार? तुझी मान खाली गेली असती. साखरेच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला केंद्रात जाते. सिस्टर बोटातलं रक्त घेते, पाय बघते. तोंड कुणी बघत नाही, आणि मीही सांगितलं नाही.

जावईबापूंना यातलं कळू देऊ नकोस. लोभ आहेच.

तुझी आई,
शालिनी

चंडीगढ, १९ फेब्रुवारी

ती. आईस, नमस्कार लिहितानाही संकोच वाटतोय.

तू इथे होतीस त्याच आठवड्यात मी सेक्टर १७च्या एका सभागृहात सांगत होते, की मधुमेह असेल तर हिरड्या जपा. टाळ्या घेऊन घरी आले आणि तुझ्या शेजारी बसून चहा प्यायले. तू पोळी चहात भिजवून खात होतीस. ते दिसत असूनही माझ्या लक्षात आलं नाही. मान खाली गेलीच, आई, पण तुझ्यामुळे नाही.

मसुद्यात मी लिहिलं होतं की दातांची काही तक्रार आहे का, असं सिस्टरने विचारावं. तू 'नाही' म्हणाली असतीस. ते वाक्य खोडून 'विचारू नये, उजेडात तोंड बघावं' असं लिहिलं. बैठकीत कारण विचारलं, तेव्हा सांगितलं, की माझ्याच घरात मी पाहिलं नाही.

शनिवारी येते. या वेळी लेक म्हणून नाही, डॉक्टर म्हणून मला ओरडून घे.

ज्ञानदा

रिसोड, १४ मे

चि. ज्ञानदास, अनेक आशीर्वाद.

काढलेल्या दाढांची जागा भरून आली. आता भाकरी खाते. जाताना तू सिस्टरला बॅटरीने तोंड बघायला शिकवलंस, ते परवा तिने सुरू केलं. पण एकही बाई पुढे होईना. सगळ्यांनी तोंडाला पदर लावला. मग मीच खुर्चीवर बसले आणि चारचौघींत आ केला. कान तापले गं. माझ्यामागून सुहासिनी बसली, आपल्या शेजारची. मला काही होत नाही, म्हणत होती. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला. असा चट्टा पुढे कॅन्सरचा ठरू शकतो, असं सिस्टर म्हणाली, म्हणून उद्या तिला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेतेय. एकटीला जायची तिला लाज वाटते.

सगळ्यांना जप.

तुझी आई