नवसाच्या नावावर घातलेली छाटणी

मी, भागीबाई पुंजा भोये, वय चोपन्न, राहणार मखमलाबाद, नाशिक, मूळ हरसूलकडची. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. शाळा चौथीपर्यंत. हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, राजीखुशीने लिहिते. माझ्यावर दाब टाकेल असं अजून कुणी जन्मलं नाही. सोमवारी पिशवीचं ऑपरेशन आहे. छाटणी सुरू व्हायच्या आत उरकायचं म्हणून घाई.

१. दोन खोल्या माझ्या कमाईच्या, माझ्या एकटीच्या नावावर. पुढची खोली मुलगी रोशनी हिला. मुलगा मनोज याच्या नावावर बापाची शेती आहेच. त्याला टीव्ही द्यावा, म्हणजे तो चार दिवस घरी तरी बसेल.

२. छाटणीच्या अकरा कात्र्या टोळीतल्या बायांना एकेक. सविताला सगळ्यात जुनी, कारण ती कात्री ओलीच ठेवते. टोळी रोशनीने चालवावी. बायांना मधे पाणी प्यायला सोडावं. मी फार ओरडायचे.

३. माझ्या मातीला चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना आटोपती घ्यावी. लोकांना कामं असतात.

४. मागची खोली माझी नणंद नवसाबाई बुधा गावित, राहणार हरसूल, हिला. कारण लिहिणं भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीत मी दोन ओळी घाईने कापल्या. काडी गाठीच्या पुढे कापायची असते, मी गाठीच्या मागे कापली. फुटवे आले, घड एकही नाही. मालक म्हणाला, कुणाचा हात ते सांगा, नाहीतर सगळी टोळी बंद. मी नवसाचं नाव घेतलं. तीही तेव्हा टोळीत होती. दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन गावी गेली. मग तिला कुठल्याच बागेत कुणी घेतलं नाही.

देवाला मी रोज सगळं सांगते, एवढं सोडून. त्याला ठाऊक होतंच. प्रभुभोजनाला मी मागच्या बाकावर बसायचे, तरी दर वेळी भाकर माझ्यापर्यंत यायची. बाई दहा मिनिटं उशिरा आली तर मी तिला घरी पाठवते. त्याने मला अकरा वर्षं घरी पाठवलं नाही. मी त्याच्या जागी असते तर पहिल्याच हंगामात माझी कात्री काढून घेतली असती.

हे कलम माझ्या मातीनंतर पाळकसाहेबांनी देवळात वाचावं.

इथवर शुक्रवारी लिहिलं. रोशनीने वाचलं आणि म्हणाली, "आई, तू मेल्यावर आत्या माफ कुणाला करणार? पेटीला?"

"लय शहाणी झालीस," मी म्हणाले. पण शनिवारी सकाळची हरसूलची गाडी धरली.

५. नवसा अंगणात नागली पाखडत होती. म्हणाली, "वहिनी, चहा घे आधी." मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"मला ठाव हाय. त्या ओळींत मी नव्हतेच."

"मग तवा बोलली का नाय?"

"बोलले असते तर टोळी मोडली असती. भाऊ अंथरुणावर होता, घर तुझ्या मजुरीवर. वाटलं, पुढच्या हाटाला येशील, सांगशील. लय हाट झाले, वहिनी."

मला रडू आलं. तिने रडू दिलं, आणि चहा गार झाला म्हणून रागावली. ऑपरेशनला सोबत हवी म्हणून माझ्याबरोबरच आली.

आज सह्यांना दुसरा साक्षीदार मिळेना. नवसा म्हणाली, "मी करते अंगठा." रोशनीने तिला वकिलाचं सांगणं समजावलं, की जो साक्षीला सही करतो त्याला कागदातून काही मिळत नाही, खोली जाईल.

"ऐकलं मी," नवसा म्हणाली. "खोली घेऊन माफ केलं असं मला नको. शाई आण."

मी भांडले. तिने ऐकलं नाही.

म्हणून कलम चारमधलं खोलीचं देणं रद्द. मागची खोलीही रोशनीला. आत्या येईल तेव्हा ती खोली तिची समजावी. ही अट नाही, आईचं सांगणं आहे. बाकी कलम चार तसंच राहू द्यावं. पुढच्या रविवारी मी देवळात ते स्वतः वाचणार आहे, देवाने उठवलं तर.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक. रविवार, ७ सप्टेंबर २०२५.

लिहून देणार: भागीबाई पुंजा भोये (सही)

आमच्या डोळ्यांसमोर सही केली, साक्षीदार:
१. रंगनाथ महाले, पाळक (सही)
२. नवसाबाई बुधा गावित, डाव्या हाताचा अंगठा