सुनेची कोंबडी

१२ फेब्रुवारी १९५९

नाही म्हणजे नाही! आजही तेच. परवा मालवणला बोटीतून उतरून घरी आलो तेव्हापासून आईशी हे एकच भांडण. घरात अकरा कोंबड्या आहेत. मी मोजल्या. पण कापायला एकही नाही म्हणते. तांबडी रोज अंडं देते. काळी खुडूक बसलीय. तलंगा अजून लहान. बिनपिसाच्या मानेची आहे ती जावयासाठी – कुडाळहून बहीण आणि तिचा घोव येतील तेव्हा. आणि मोठा कोंबडा राखणेचा. वर्षाला एक कोंबडा शेताच्या राखणदाराला द्यायचा असतो, त्याच्याकडे तर बघायचंसुद्धा नाही!

"जावयाक कोंबी कापतत. सुनेक कोण कापता रे? खंय बघलंस?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. सत्यवतीचा मुदतीचा ताप उतरून नऊ दिवस झाले. आता मऊ खायला घाला म्हणाले. कोंबडी उकडून तिचं पाणी, मग मांस कुस्करून. नाहीतर पोर उठायची नाही. आई म्हणते पेज आहे. पेजेने काय होतं? हात बघवत नाही तिचा. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

जहाजाचं अजून कोणाला बोललो नाही.

१३ फेब्रुवारी

आज सांगणार होतो. सकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो पण. तिने चार घास पेज खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. केस विरळ झालेत. राहिलं सांगायचं.

काय सांगायचं ते इथे तरी लिहितो. मुंबईला ज्या दवाखान्याच्या भटारखान्यात मी आहे तिथला मोठा आचारी जासिंत मेस्त्री. देवगडकडचा, पूर्वी आगबोटीवर होता. त्याने माझं एका मालाच्या जहाजावर जमवलंय. रसोईत मदतनीस. दोन वर्षांचा करार. दोन मार्चला सही, सही केली की शंभर रुपये हातात. चार तारखेला जहाज सुटणार. मला एका जागी करमत नाही हे त्याला ठाऊक आहे. चौथीत शाळा सोडली, मग कुडाळला दुकानात, मग गोदीत, मग दवाखान्यात. कुठे वर्ष पुरं झालं की पाय खाजतात.

लग्नाला दोन वर्षं झाली. सगळे दिवस धरले तर आम्ही एकत्र राहिलो चाळीस. तिला अशी टाकून कसा जाऊ? बरी झाली पाहिजे. उठून चालली, की मग जाईन. मग माझ्या मनाला काही लागणार नाही.

१४ फेब्रुवारी

कसालला जाऊन कोंबडी आणली! अडीच रुपये. विकणारी बाई म्हणाली, "कवळी आसा हो, लोण्यासारखी." माझं लक्ष बसच्या वेळेवर. घेतली.

आईने हात लावला नाही. ओटीवर बसून तांदूळ निवडत राहिली. मीच कापली, सोलली. मेस्त्रीची रीत डोक्यात पक्की आहे. आख्खी टोपात घालायची. थंड पाणी, वर चार बोटं येईल एवढं. गरम पाण्यात टाकलीस तर फटकावीन, असं तो म्हणतो. आल्याचा तुकडा, पाच-सहा मिरे, एक कांदा. मीठ शेवटी. फेस वर येतो तो पळीने काढायचा, कंटाळायचं नाही. आणि आच मोठी नको. पाणी खदखदता कामा नये, एकेक बुडबुडा आला पाहिजे. आमच्या चुलीला कळ थोडीच आहे! मग लाकडं ओढून घेतली आणि नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यावर टोप ठेवला.

शेजारची यशोदाकाकी वास घ्यायला आली. टोपात बघते तर वाटप नाही, तिखट नाही, नुसतं पांढरं पाणी. म्हणाली, "शिजवतंस काय आंघोळ घालतंस रे तिका?" मग बाहेर खळ्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं – धोंडू चुलीपुढे बसलाय, कोंब्येक न्हाणी घालता!

दवाखान्यात पाऊण तास लागतो. मी तासाने काढली. काथ्या! दात लागेना. कवळी कसली, ती बाजारवाली बाई आणि कोंबडी बहुतेक एकाच वयाच्या! आई ओटीवरून बोलली, "शिजली काय गो तुझी लोण्यासारखी?" मला 'गो' म्हणाली, बाईमाणसासारखं! राग आला, हसूही आलं.

१५ फेब्रुवारी

काल तसाच टोप परत निखाऱ्यावर ठेवला होता. आणखी दोन तास लागले. गावच्या कोंबडीचा हिशोब वेगळा. तंगडीचं हाड हाताने फिरवलं आणि सुटलं, तेव्हा झाली म्हणायची. लगेच बाहेर काढायची नाही. त्याच पाण्यात निवू द्यायची, नाहीतर मांस सुकतं.

पाणी गाळून वाटीभर दिलं. वरची चरबी काढून, मीठ घालून. सत्यवतीने वास घेतला. एक घोट. मग वाटी दोन्ही हातांनी धरली. संपवली!

मग म्हणाली, "ह्यां आजाऱ्याचा जेवाण."
म्हटलं, तू कोण आहेस?
"माका वाटला न्हाणी घालून चेष्टा करतास." आणि हसली. घरी आल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

१७ फेब्रुवारी

एका कोंबडीत तीन दिवस निघाले. पहिल्या दिवशी नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी छातीचं मांस हाताने धाग्याधाग्याने सोडवून पेजेत. आज उरलेलं नारळाच्या पातळ रसात, जिऱ्याबरोबर, मिरची नाही. टोप सकाळ-संध्याकाळ एकदा उकळवून घ्यायचा, मग आंबत नाही. तरी आज हुंगून हुंगून बघितलं. माझंच नाक आहे, विश्वास किती ठेवायचा! आधी मी खाल्लं, दोन तास थांबलो, मग तिला दिलं.

आई रोज एकच विचारते – "किती दीस आसंस?" मी म्हणतो, बघू.

१८ फेब्रुवारी

सत्यवती भिंतीला टेकून बसली. एक घटका.

१९ फेब्रुवारी

आज जेवताना तिने विचारलं, "तुमी थय सगळ्या आजाऱ्यांका असा भरवतास?"
म्हटलं, नाही. थाळ्या पाठवतो. वरच्या मजल्यावर कोण खातं, कोण मरतं, आम्हाला कळतसुद्धा नाही. रिकामी थाळी परत आली की समजायचं खाल्लं.
तिने वाटीतलं शेवटचं संपवलं. मग रिकामी वाटी माझ्या हातात दिली. "घेवा. समजा."

किती दिवस मी त्या थाळ्या पाठवल्या असतील! कधी कोणाचं तोंड बघितलं नव्हतं.

जहाजाचं आजही नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी

मोठं भांडण.

जवळचे पैसे संपत आले. परतीचं भाडं तेवढं आहे. म्हणून पुन्हा आईकडे गेलो. म्हटलं, एक कोंबडी दे, मी मुंबईहून दोनाचे पैसे पाठवतो. पुन्हा जावई, पुन्हा राखण. मी चिडलो. तोंडाला आलं ते बोललो – तुझी मुलगी आजारी असती तर कापली असतीस! सून परक्याची, म्हणून!

आई उठली. निवडलेले तांदूळ सगळे सांडले.

"परक्याची? एक म्हयनो रात्रंदीस कोण बसला तिच्याकडे? तू? माका म्हायत नाय? ती उठली की तू सुटलंस! जहाजार जातलंस. म्हणान भरवतंस!"

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? मग कळलं. जहाजाच्या कचेरीने तारखेचं पत्र अर्जावरच्या गावच्या पत्त्यावर टाकलं होतं. ते माझ्या आधी पोचलं. आईला वाचता येत नाही, पोस्टमनने ओटीवर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोटीत बसायच्या आधीपासून घरात ठाऊक होतं!

"तुझो बापूस पण जहाजार. एकोणीस वर्सां संसार केलंय. त्यातलो घोव माका गावलो किती? वीस म्हयने. मोजलंय मी. कोंबडी नाय दिलंय तर चार दीस जास्त रवशीत, असा वाटला माका."

आणि मग हळूच, आतल्या खोलीकडे बघून – "तिचा नुसकान करूचा नव्हता रे. पेज देय होतंय मी. दूध देय होतंय."

मी तांदूळ गोळा करत बसलो. सगळे मिळाले नाहीत.

२१ फेब्रुवारी

आई बोलत नाही. मीही नाही. सत्यवतीने सगळं ऐकलं असणार, मधे नुसती कुडाची भिंत आहे. 

२२ फेब्रुवारी

सकाळी खळ्यात फडफड. बाहेर आलो तर आईने डालगं उचललं होतं आणि राखणेचा कोंबडा तिच्या काखेत!

मी म्हटलं, आये, ह्यो राखणेचो!

"राखणदार थांबात पावसापर्यंत. तेका काय ताप इलेलो नाय." मग कोंबडा माझ्या हातात दिला. "काप. आणि दाखव माका, कसा करतंस. तू गेल्यार कोण करतला?"

मी टोप ठेवला, ती शेजारी बसली. फेस काढताना माझ्या हातातली पळी घेतली. "असो नाय. कडेसून." खरंच, तिच्या हाताने पाणी स्वच्छ राहिलं. पण वाटप घालू नको म्हणून तीनदा सांगावं लागलं. भाजलेलं खोबरं पाट्यावर तयार करूनच ठेवलं होतं तिने! शेवटी म्हणाली, अर्धं तुझ्यासाठी तिखट करते. तसं झालं. एका कोंबड्याचे दोन टोप.

यशोदाकाकी आली, म्हणाली, आता सासूपण न्हाणी घालूक लागली काय? आई म्हणाली, "तू आजारी पड, तुका पण घालतंय."

सत्यवतीने मांस खाल्लं. स्वतःच्या हाताने.

२४ फेब्रुवारी

चालली! भिंत धरून, मग भिंत सोडून. तुळशीपर्यंत गेली आणि तिथेच बसली, परत येताना माझा खांदा धरला. हलकी किती झालीय. घाम फुटला होता पण तोंड उजळ.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. हेच तर पाहिजे होतं ना मला?

२५ फेब्रुवारी

आज तिनेच विषय काढला. वेणी घालत होती, उरलेल्या केसांची. बारीक, शेपटीसारखी.

"परवा बोट ना तुमची?"
हो म्हटलं.
"दोन वर्सां ना?"
मी मान हलवली. म्हटलं, तुला कधीपासून ठाऊक?
"पत्र मोठ्यान वाचल्यान. तापात होतंय, पण कान होते."
मग मी विचारलं – विचारायला नको होतं – की सगळं ठाऊक असून, तू बरी झालीस की मी जाणार हे माहीत असून, खाल्लंस कशाला?
ती माझ्याकडे बघत राहिली. जणू मी अगदीच खुळा आहे.
"भूक लागली होती."

वेणी बांधून झाल्यावर म्हणाली, "जावा तुमी. हयसर रवलात नि मन थय, तर त्या रवण्याक काय करू? माका रोज तुमचा तोंड बघूचा लागात."

रागाने नाही म्हणाली. त्याचंच जास्त लागलं.

२७ फेब्रुवारी

मालवण. होडीतून बोटीवर चढलो. आई बंदरापर्यंत आली होती. सत्यवतीला एवढं चालवत नाही, ती ओटीच्या पायरीपर्यंत आली. उभी होती. आधाराशिवाय.

बोटीवर सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. माझ्या डब्यात वडे आणि तिखट कोंबडी. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. बाजूचा म्हातारा म्हणाला, पहिल्यांदाच जातंस काय रे?

२ मार्च, मुंबई

कचेरीत गेलो होतो सहीला. मेस्त्री बरोबर. रांगेत माझ्यापुढे सात जण. नव्या ट्रंका, नवे शर्ट. मेस्त्री सांगत होता – जहाजावर कोंबड्या बर्फात ठेवलेल्या असतात, दगडासारख्या, आधी पाण्यात सोडायच्या. मी हो हो करत होतो.

पुढे पाच जण राहिले. मग तीन.

५ मार्च

जहाज काल गेलं.

मेस्त्री माझ्याशी बोलत नाही. काल फक्त एकदा बोलला, "गाढव आसंस तू, धोंडू." बरोबर आहे. माझ्या जागी कारवारचा एक मुलगा गेला. शंभर रुपये त्याला मिळाले.

साहेबांना भेटून शिमग्याला चार दिवसांची सुट्टी मागितली. आताच तर जाऊन आलास, म्हणाले. तरी मागितली. बघू म्हणाले.

दुपारी पोस्टात जाऊन मनीऑर्डर केली. पंधरा रुपये. दर महिन्याचेच.