नडगीची दुसरी प्लेट

मुलुंड,
२ सप्टेंबर १९८६

ती. दादूकाका यांस,
क्षमाचा शि. सा. न. वि. वि.

येथे सर्व ठीक. तुमची कंबर आता कशी आहे, ते आईनं आवर्जून विचारायला सांगितलं आहे.

कामापुरतं लिहिते. ऑक्टोबरमध्ये कारखाना बाबांचा सत्कार करणार आहे. स्मरणिकेत त्यांच्या कारकिर्दीवर एक पान द्यायचं आहे आणि ते मी लिहावं असं ठरलं आहे. बाबांना विचारलं तर एकच गोल ते प्रत्येक वेळी वेगळ्या साली मारतात. तुम्ही त्यांच्याबरोबर एकाच तालमीत वाढलात, म्हणून तुम्हाला त्रास.

मला माहीत आहे ते असं. कारखान्यानं त्यांना एकसष्ट साली कोल्हापुरातून आणून फिटरच्या जागेवर घेतलं. फुटबॉल संघात बारा हंगाम सेंटर फॉरवर्ड. राज्याच्या संघात दोनदा. गुडघा गेल्यावर संघाचे मॅनेजर. दुसऱ्या श्रेणीत रखडलेला संघ त्यांनी पहिल्या श्रेणीत आणला आणि उद्योग चषक तीनदा जिंकला. यंदाही उपांत्य फेरी गाठली आहे. यात काही चूक असेल तर कळवावी.

बाबा दमले आहेत. सरावाहून आले की बुटांसकट खुर्चीत बसून राहतात. गुडघा वाकत नाही म्हणून नाड्या आई सोडते. या हंगामानंतर बस्स, असं ते म्हणतात. आई म्हणते, हे ती चार वर्षं ऐकते आहे.

यंदा बाबांच्या संघात खेळायला आलेला तुमचा भाचा नंदू आमच्या गॅलरीत नीट रुळला आहे. भाकरी करणाऱ्याला थकवतो, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार. मात्र त्याची डावी नडगी दुखते. तो लपवतो, पण जिना आडवा होऊन उतरतो. आमच्या इस्पितळात नेऊन त्याचा एक्स-रे काढावा असं मी बाबांना सुचवलं आहे.

काकूंना नमस्कार. उत्तर सवडीनं, पण महिना उलटायच्या आत द्यावं.

आपली,
क्षमा

·

कोल्हापूर,
१० सप्टेंबर १९८६

चि. क्षमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. 'कामापुरतं लिहिते' हे तुझं वाक्य तुझ्या काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही पोरगी स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दोन ओळींत उरकेल. कंबर बरी आहे. उसाच्या गाड्या आता दुसरे उतरवतात आणि मी नुसता ओरडतो.

तुझी सालं बरोबर आहेत, पण नुसत्या सालांनी काय होतंय? हे लिही. पेठापेठांची मॅच होती, माणसं कौलांवर चढून बसलेली. तुमच्या कारखान्याची माणसं आली होती ती मला बघायला. हो, मला! काश्यानं, म्हणजे तुझ्या बापानं, त्या दिवशी दोन गोल घातले आणि साहेब लोकांची मानच तिकडं वळली. मी घरात तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी त्याला एस.टी.त बसवायला मीच गेलो, त्याची ट्रंक माझ्याच डोक्यावर.

आणि सदुसष्टची फायनल सगळ्यात वर घाल. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. इंजेक्शन घेतलं, फडकं आवळलं, शेवटच्या पाच मिनिटांत डोक्यानं गोल. लोकांनी खांद्यावर घेतला आणि तिथनंच दवाखान्यात नेला. असा माणूस पुन्हा होणे नाही. मॅनेजर म्हणूनही पोरांना आईबहिणीवरनं शिवी न देणारा मी तो एकच बघितला.

नंदूचं म्हणशील, तर मुंबईची मैदानं दगडासारखी. तेल चोळ म्हणावं. शेवंताक्काचा सगळा जीव त्याच्यावर. भावोजी गेल्यापासून ती लोकांची धुणीभांडी करते. पोरगं एकदा कारखान्यात कायम झालं की ती सुटली. बाबाला एवढं आठवणीनं सांग.

तुझ्या आईस नमस्कार. आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादूकाका

·

मुलुंड,
२० सप्टेंबर १९८६

ती. दादूकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

माहितीबद्दल आभारी आहे. ट्रंकेचं बाबांना सांगितलं. ते हसले आणि मग म्हणाले की दादू माझ्याहून चांगला खेळायचा, त्या दिवशी त्याच्या पायाखाली खड्डा आला. हे स्मरणिकेत घालू नये असंही म्हणाले.

नंदूचा एक्स-रे मीच काढला. डॉक्टरांनी 'दोष नाही' असा शेरा दिला. प्लेट वाचणं हे डॉक्टरांचं काम, माझं फक्त काढण्याचं. आमच्या कामात ही रेघ पाळावी लागते आणि मी ती पाळते. तरीही घरी बाबांना एवढं सांगितलं की हाडावर सतत ताण येऊन पडणारी बारीक भेग सुरुवातीला प्लेटवर दिसत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा प्लेट काढावी आणि तोवर त्यानं पळू नये. बाबांनी ऐकलं. उपांत्य सामन्यात नंदूला बसवलं. तरी संघ जिंकला. अंतिम सामना एकोणीस ऑक्टोबरला आहे.

आता तुम्हाला ठाऊक नसेल असं एक सांगते. इथे खेळाडूंना हंगामी म्हणून घेतात आणि हंगाम संपला की मॅनेजरच्या शिफारशीनं एखाद्याला कायम करतात. पण कारखान्याचे साहेब येतात ते फक्त अंतिम सामना बघायला. त्या दिवशी जो मैदानात नसतो, त्याचं नावच त्यांना माहीत नसतं. पुढच्या वर्षापासून खेळाडूंची भरती बंद आहे. म्हणजे जागा ही एकच, आणि यंदाचीच.

नंदू रात्री गॅलरीत बसून पायाला तेल चोळतो. तुमचा सल्ला त्याच्यापर्यंत कसा पोचला, ते मी विचारलेलं नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
क्षमा

·

कोल्हापूर,
२६ सप्टेंबर १९८६

चि. क्षमा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तेलाचं मीच त्याला कार्ड टाकून कळवलं. चोरून नव्हे.

पोरी, डॉक्टर म्हणतोय दोष नाही, मग तू कशाला दोष काढतीस? दिसत नाही ती भेग घेऊन आम्ही काय करावं? आम्ही सगळे असेच खेळलो. तुझा बाप दुखऱ्या पायावर खेळला म्हणून आज तू शिकलीस आणि मशीनपुढं उभी राहतीस. हे वाकडं घेऊ नकोस.

अक्का रोज संध्याकाळी येऊन बसते. पोस्टमन काय म्हणाला एवढंच विचारते. फायनलला पट्टी आवळून उतरवा. एक मॅच. मग बसू दे की महिनाभर.

तुझा,
दादूकाका

·

मुलुंड,
७ ऑक्टोबर १९८६

ती. दादूकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहावं की नाही याचा विचार करण्यात एक दिवस गेला.

शनिवारी माझी सुट्टी होती. त्या दिवशी नंदूची दुसरी प्लेट निघाली. द्रौपदी नावाची माझी सहकारी ड्युटीवर होती, ती नंदूला ओळखत नाही. 'दोष नाही' असा शेरा पुन्हा मिळाला. काल सकाळी मी दोन्ही प्लेटा उजेडावर शेजारी लावल्या. दुसऱ्या प्लेटमध्ये नडगीशेजारच्या बारीक हाडावर लहानपणी मोडून जुळून आल्याची जाड गाठ आहे. पहिल्या प्लेटमध्ये ती नाही. दोन आठवड्यांत हाड मोडून, जुळून, जुनं होत नाही. तो पाय नंदूचा नाही.

तो माणिकचा आहे. माणिक हा संघाचा राखीव गोलकीपर. शाळेत असताना झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता, हे त्यानंच एकदा आमच्याकडे जेवताना सांगितलं होतं. नंदूचं नाव सांगून तो टेबलावर झोपला. प्लेटवर तोंड दिसत नाही, तेव्हा कुणाचाही पाय चालेल असं त्यांना वाटलं असावं. हाडं ओळखू येतात, हे खेळणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माणिकला बाबांनी पाठवलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. खाली बघत म्हणाले की पाय पुढे बरा होतो, जागा पुढे येत नाही. मी विचारलं की हे नंदूसाठी केलं की चौथ्या चषकासाठी. आईनं मला स्वयंपाकघरातून हाक मारली आणि बापाला असं विचारतात का म्हणाली. मी म्हटलं, मॅनेजरला विचारलं. ती म्हणाली की मग मॅनेजरचं ताट तूच वाढ.

नंदूही माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला गॅलरी खाली करून हवीय का, एवढंच काल त्यानं विचारलं. या वयाच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य मला आवडलं नाही.

डॉक्टरांना मी सांगितलं आहे की दुसऱ्या प्लेटमध्ये नावाची अदलाबदल झाली असून ती पुन्हा काढायला हवी. हे खोटं नाही. पूर्ण खरंही नाही, पण याहून जास्त बोलले तर माणिक आणि नंदू दोघेही जातील. गुरुवारी दुपारी मी ड्युटीवर आहे. नंदूला घेऊन स्वतः या, असं बाबांना सांगितलं आहे. नाही आलो तर काय करशील, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

नंदू तुमचा शब्द मोडणार नाही. भेग असेल आणि तो त्या पायावर पळला, तर मैदानात हाडाचे दोन तुकडे होतील. मग कायम होऊनही तो कुठल्या यंत्रापुढे उभा राहील? तुम्ही त्याला लिहा. शेवंताआत्यांना हे माझ्या पत्रातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळावं, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आपली,
क्षमा

·

मुलुंड,
२२ ऑक्टोबर १९८६

प्रिय दादू,
स. न. वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. हे लिहायलाच हवं.

'नंदूस खेळवा, अक्का वाट बघते' ही तुझी तार शनिवारी आली. संघ लावून झाला होता. तार खिशात ठेवली आणि झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.

त्याच्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारी, पोराला घेऊन इस्पितळात गेलो होतो. क्षमानं प्लेट काढली, ओली असतानाच उजेडावर धरली आणि बोट ठेवलं. केसासारखी काळी रेघ. दादू, एवढी वर्षं मी पोरांच्या पायांवर भाकरी खाल्ली, आतून पाय कसा असतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं. नंदू म्हणाला, काका, एवढीशी तर आहे. मी तोंडातून शब्द काढला नाही. मी हो म्हटलं असतं तर तो खेळला असता. तेवढंच माझ्या हातात होतं.

फायनल हरलो, एक शून्य. डाव्या बाजूनं आमचा एकही बॉल पुढं गेला नाही. साहेबांनी विचारलं की तुमचा तो डावीकडचा पोरगा कुठं आहे, त्याचं नाव ऐकून होतो. मी म्हटलं, प्लास्टरमध्ये आहे, तरी त्याला कायम करा, मी लिहून देतो. त्यांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत चांगले बोलले. जागा सेंटर हाफला दिली.

काल सत्कार झाला. क्षमानं लिहिलेलं पान वाचून दाखवलं. सदुसष्टची फायनल तिनं एका ओळीत घातली आहे. 'दुखापत असताना खेळले. त्यानंतर त्यांचा गुडघा पूर्ण वाकला नाही.' टाळ्या पडायच्या जागी कुणाला काय करावं कळेना. मला बोलायला सांगितलं तर माइकपर्यंत गेलो. मग आभार मानून बसलो. मॅनेजरकी सोडली आहे.

शुक्रवारी नंदूला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवतो, माणिक सोबत येतोय. अक्कापुढं उभं राहायचं धाडस माझ्यात नाही. पोरीवर राग धरू नकोस, संघ माझा होता. माझ्यावर धर. जमलंच तर थोडी जागा पूर्वीच्या दोस्तीला ठेव.

तुझा,
काशीराम

·

कोल्हापूर,
१४ डिसेंबर १९८६

ती. क्षमाताई यांस,
सा. न. वि. वि.

मामा तुम्हाला लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो. त्यांना ठाऊक नाही.

प्लास्टर काढलं. पाय सुकलेल्या काठीसारखा निघाला, आई बघून रडली. आता भरत आलाय. मामांच्या ओळखीनं फाउंड्रीत लागलोय, रोजावर. सहा महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे कायम करायला नको. आईची कामं चालू आहेत. ती तुम्हाला वाईट बोलत नाही. चांगलंही बोलत नाही.

पोरं तालमीत बोलावतात. अजून नाही म्हणतो. काशीकाकांची पत्रं येतात. मामा ती फोडतात, वाचतात आणि खुंटीला अडकवतात.

काल पहाटे कुणी नसताना मैदानावर गेलो. आधी चाललो. मग पळलो, अख्खं मैदान, एका दमात. शेवटी बॉल घेऊन डाव्या पायानं लांबनं मारला. कुठंच दुखलं नाही. पाय परत आला होता, जागा गेली होती. त्या वेळी तुमचा इतका राग आला की बॉल आणायला न जाता मी तिथंच बसलो.

काकूंना नमस्कार सांगा. राग उतरला की पुन्हा लिहीन, तोवर मला तोडू नका.

आपला,
नंदू