करपलेल्या भाकरीवरचे अभिप्राय

ढोकी, रविवार दुपार

तीर्थरूप दादा यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे राजेश्वरीचा, वाकून नमस्कार. जाऊबाईंनाही सांगावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून लिफ्टचीच वाट बघावी लागते? जाऊबाईंनी सांगितलेलं तेल रोज लावत असाल अशी आशा आहे. (लावत नसणार, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं.) इकडं सगळे खुशाल आहेत. म्हणजे ह्यांची कंबर, ट्रॅक्टरचा क्लच आणि आईंचा राग सोडला, तर बाकी सगळं ठीक. रागाचं पुढं येईलच.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, फोन असताना ही बाई कागद का खराब करते? तर फोन आपल्या घरात आईंच्या खाटेजवळच्या खिडकीतच चालतो, तिथंच रेंज आहे. शिवाय फोनवर तुम्ही पहिल्यांदा म्हणता, "थोडक्यात सांग." हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. ह्यांना म्हटलं, तुमचे सख्खे भाऊ, तुम्ही लिहा. तर म्हणाले, "वाचनालयाची ग्रंथपाल तू. अभिप्राय कळवणं तुझं काम. म्या ऊस बघतो." आणि खरंच ऊस बघायला गेले, जेवायलासुद्धा आले नाहीत.

तुम्ही घर लहान केलं तेव्हा कपाटातली पुस्तकं खोक्यात भरून एसटीच्या पार्सलनं आपल्या वाचनालयाला पाठवलीत, त्याबद्दल गावातर्फे आभार. खोक्यात सगळ्यात वर तुमच्या आत्मचरित्राच्या प्रती होत्या आणि चिठ्ठी होती, की 'सर्व पुस्तकांवर वाचकांचे प्रामाणिक अभिप्राय कळवावेत, दुसऱ्या आवृत्तीसाठी उपयोग होईल.' आता दुसरी आवृत्ती फक्त तुमच्याच पुस्तकाची निघायची आहे, हे मला कळत होतं. पण 'सर्व' म्हटलंय तर सर्व. म्हणून आधी बाकीच्यांचं सांगते. (मी मुद्दाम उशीर करते आहे असं वाटलं तर तसंही समजा.)

हृदयविकारावरचं जाड पुस्तक हणमंतप्पांनी नेलं, आपले चौकातले किराणा दुकानवाले. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की तेल मोजायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "जिना चढताना दम लागतो का? डावा हात दुखतो का?" होय म्हणणाऱ्याला ते तेल देईनात. नाही म्हणणाऱ्याला म्हणायचे, "लागंल." लोक पलीकडच्या दुकानात जायला लागले, तेव्हा त्यांच्या बायकोनं पुस्तक पदराखाली आणून माझ्या टेबलावर ठेवलं. तिचा अभिप्राय असा: पुस्तक चांगलं आहे, पण दुकानदाराला देऊ नये.

युरोपच्या प्रवासाचं पुस्तक नूरुन्निसाचाचींनी वाचलं. वाचनालयासमोर त्यांचं शिलाई मशीन आहे, आणि आईंची त्यांची मैत्री मी ह्या घरात यायच्या कितीतरी आधीची. चाची चष्मा नाकावर घेऊन मशीन चालवता चालवता वाचतात. एका झंपरच्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्या, त्या ह्या पुस्तकापायी. त्या म्हणाल्या, "ह्या माणसाला सगळीकडं थंडी वाजली, आन् चहा कुठंच मनासारखा मिळाला न्हाई. किल्ले बघितले, पूल बघितले, पर एका माणसाचं नाव लिहिलं न्हाई. गेला खरा, भेटला कुणालाच न्हाई." हे मी चक्क कागदावर लिहून वाचनालयाच्या भिंतीला लावलंय.

ती प्रेमाची कादंबरी, जिच्यात नायक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मनातलं बोलत नाही, ती तुळजाबाईंकडं गेली. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेळ आहे. त्या फार चिडल्या. दोघं एकदा धड बोलले असते तर पुस्तक दहा पानांत संपलं असतं, म्हणाल्या. पण परत केल्यावर आठवड्यानं पुन्हा नेलं. विचारलं तर दाराकडं बघत म्हणाल्या, "आमच्यात तरी कोण बोललं व्हतं गं?" मी पुस्तक आणखी आठवडाभर त्यांच्या नावावर लावलं. खुनाच्या कादंबरीचं शेवटचं पान फाटलेलं निघालं, त्यामुळं ती गावात सगळ्यांत जास्त गाजली. प्रत्येकानं आपापल्या आवडीचा खुनी ठरवला आहे. ते पान तुमच्याकडं सापडलं तर कृपा करून पाठवू नका.

आता तुमचं पुस्तक.

दादा, पहिल्यांदा एक सांगते. 'करपलेल्या भाकरीचे दिवस' मी एका बैठकीत वाचलं आणि रडले. खोटं सांगत नाही, पदर ओला झाला. म्हणूनच मला वाटलं, हे नुसतं कपाटात ठेवायचं नाही, सगळ्यांनी मिळून ऐकायचं. गेल्या रविवारी दुपारी वाचनालयात सतरंजी टाकली. आईंच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीतच आहे, अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांना पुढं भिंतीला टेकवून बसवलं. त्यांनी सोबत भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या. वाचायला चाची. (त्यांचा आवाज वाचायला चांगला आहे, फक्त पूर्णविराम त्या पाळत नाहीत.)

चाचींनी तुमचं पहिलं प्रकरण सुरू केलं. चुलीच्या उजेडात माय बसलेली, पोरांच्या ताटात शेवटची भाकरी वाढते आहे, स्वतः तांब्याभर पाणी पिऊन भिंतीकडं तोंड करून आडवी होते आहे. हणमंतप्पांनी रुमाल काढला. तुळजाबाई हुंदके द्यायला लागल्या. मी आईंकडं बघितलं, म्हटलं त्यांनाही भरून आलं असेल. आई शेंगा फोडत होत्या. प्रकरण संपलं तसं त्यांनी चाचींना विचारलं, "नूर, लई वाईट झालं गं. कोणची बाई ही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीच म्हटलं, "आई, तुम्हीच की. दादांनी तुमच्यावर लिहिलंय."

"माझ्यावर? म्या कवा उपाशी निजले?" आणि मग शेंगांचं सूप बाजूला सरकलं. "आन् माझी भाकरी करपली? ह्यानं ती पुस्तकावर छापली? अख्ख्या ढोकीत जाऊन विचार म्हणावं, विठाबाईची भाकरी कवा करपली का!"

त्यानंतर बैठक कशी चालली ते काय सांगू! हणमंतप्पा समजावायला गेले, की काकू, साहित्यात दुःख लागतं, पोट भरलेल्या आईवरचं पुस्तक कोण वाचणार? आई म्हणाल्या, मग तुझ्या आईला ठेव की उपाशी. ते बिचारे रुमालाची घडी घालायला लागले. (तुमच्या बँकेतल्या बढत्यांच्या प्रकरणावर मात्र त्यांचा अभिप्राय चांगला आहे. ते वाचून त्यांना गाढ झोप लागली, आणि हृदयाला झोप चांगली असते.)

आईंनी पुढचं वाचायला लावलं, आणि प्रत्येक पानावर हरकत घेतली. सगळ्यांत मोठी हरकत सोनारीच्या जत्रेवर. तुम्ही लिहिलंय, जत्रेला जाताना बैलगाडीचा आख मोडला, उन्हात सगळे अडकलो, आणि आई कडुनिंबाखाली पदरानं डोळे टिपत बसली होती. ते चित्र अजून तुमच्या डोळ्यांसमोरून जात नाही, असंही लिहिलंय. हे ऐकल्यावर आई चाचींकडं बघायला लागल्या, आणि त्यांना हसू फुटलं. मला ह्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण आईंना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आख मोडला तेव्हा गाडीचं चाक निसटलं आणि उताराला लागलं म्हणे. मामंजी "धरा, धरा" करत त्याच्या मागं. पुढं बांधावर एक माणूस डबा घेऊन निवांत बसलेला. चाक आपल्याकडंच येतंय बघून तो डबा टाकून पळाला. पुढं तो, मधी चाक, मागं मामंजी धोतर सावरत. शेवटी दोघांनी मिळून ते चाक ओढ्यातून वर आणलं, आणि तो माणूस मामंजींना म्हणाला, "पाव्हणं, जत्रेला चाकच पाठवलं व्हतं काय पुढं?" आईंनी उठून उभं राहून तिघांचीही नक्कल केली, चाकासकट. वाचनालयात लोक गडाबडा लोळले. मग खाली बसून, धाप लागलेली असताना त्या म्हणाल्या, "डोळ्याला पदर लावला व्हता ते हसू आवरंना म्हणून. नवऱ्यापुढं हसायचं कसं? आन् ह्यानं रडू लिव्हलं."

मला तेव्हा वाटलं, की झालं, दादा चुकले. मी घरी येऊन ह्यांना तसं म्हटलंही. ह्यांनी आधी हातपाय धुतले. मग म्हणाले, "दादा दहा वर्षांचा असंल तवा, म्या लहान. मला चाक आठवतंय. दादाला आई आठवत असंल."

आता पुढचं लिहू की नको, असं दोनदा झालं. आईंनी तुमचं नाव घेऊन मला बजावलंय, कृष्णराजला सांगू नको. मी सांगत नाही, लिहिते आहे. त्या बैठकीनंतर दोन-तीन दिवस गेले. सकाळी ओसरीवर मी त्यांचे केस विंचरत होते. त्या आपल्याआपणच बोलायला लागल्या. "निजत व्हते गं उपाशी. त्या बहात्तरच्या दुष्काळात लई येळा. पर पोरांना कळू दिलं नव्हतं म्या. गोष्टी सांगायचे, नकला करायचे, हसून हसून निजवायचे, म्हंजी ताटाकडं ध्यान जाऊ न्हाय. मला वाटलं, कुणालाच कळलं न्हाय." आणि मग म्हणाल्या, "ह्याला कळलं कसं? हसता हसता बघत व्हता व्हय हा?"

माझा हात केसांतच राहिला, दादा. मला वाटत होतं की त्या तुमच्यावर खोटं लिहिल्याबद्दल रागावल्यात. त्यांचा राग वेगळाच आहे. त्यांनी जन्मभर एक गोष्ट झाकली आणि तुम्ही नेमकी तेवढीच उघडी केलीत. आणि ज्या हसण्यानं ती झाकली होती ते हसणं मात्र पुस्तकात कुठंच नाही. "माझं येवढं हसणं गेलं कुठं ह्यात?" हा त्यांचा अभिप्राय आहे. बाकीच्या सगळ्यांचे मी शब्द थोडे इकडंतिकडं केले असतील, हा मात्र जसाच्या तसा आहे.

राहिला धाराशिवचा कार्यक्रम. तिथलं मंडळ तुमच्या पुस्तकाचा गौरव करणार, आईंना साडी देणार आणि त्यांनी दोन शब्द बोलायचे, असं तुम्ही कळवलंत. मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्या बाईचा सत्कार हाय तिला बोलवा. म्या तिला वळखत न्हाय." ह्यांनी विनवलं, हणमंतप्पांनी विनवलं (आधी नाडी बघून), पण उपयोग नाही. तेव्हा आई येणार नाहीत, असंच धरून चालावं. कार्यक्रमपत्रिका छापली नसेल तर त्यांचं नाव वगळा. मी ग्रंथपाल म्हणून अभिप्राय कळवला, सून म्हणून माझा नाइलाज आहे. लहान तोंडी काही जास्त लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची आज्ञाधारक
राजेश्वरी

ता. क. : वरचं वाचून तुम्ही दुसऱ्या आवृत्तीतून उपाशी झोपण्याचं पान काढून टाकाल, अशी मला धास्ती वाटते. ते काढू नका. खरं तर एवढंच मागायला हे सगळं लिहिलं. ते पान खरं आहे आणि ते आता आईंनीही कबूल केलंय. फक्त त्याच्या शेजारी चाकाचं लिहा. आणि ते मला विचारून किंवा ह्यांना विचारून लिहू नका. कार्यक्रमाच्या आधी गाडी सरळ धाराशिवला न नेता ढोकीला घ्या, जाऊबाईंना घेऊन किंवा एकटे या, ओसरीवर बसा आणि आईंना म्हणा, मला आठवत नाही, तू सांग. माफी मागू नका. माफी मागितली की त्यांना रडू येईल, आणि मग तुम्ही तेही लिहाल.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात चाची येऊन गेल्या. माप विचारायला आल्या होत्या. आईंनी त्यांच्याकडं परवाच नव्या ब्लाउजचं कापड टाकलंय म्हणे, धाराशिवच्या कार्यक्रमासाठी. "मागचा गळा नीट काढ, स्टेजवर मागनं बी लोक बघत्यात," असं आई सांगून गेल्यात. आणि चाकाची नक्कल स्टेजवर शोभेल का, ते चाचींच्या आरशासमोर दोनदा करून बघितली. तेव्हा पत्रिकेतलं नाव राहू द्या. पण तुम्ही ढोकीला याच, आणि ब्लाउजचं तुम्हाला काही ठाऊक नाही. आईंना तुमच्याकडून थोडी मनधरणी करून घ्यायची आहे, ती पोटभर करून घेऊ द्या.