ब्रेकचा जळका पट्टा

प्रिय लोर्ना,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, मेलं कोणी नाही. निदान नव्यानं नाही. बातमी एवढीच, की बाबांचा विजेवरचा ट्रॅक्टर मी शेडमधून बाहेर काढलाय. हो, तोच. तू ब्रेक न लावता उतरलीस म्हणून तो उतारावरून सुटला आणि बाबा गेले, असं आपल्या घरात पन्नास वर्षं धरून चाललेत, तोच. आई असती तर म्हणाली असती, "एल्बर्ट, झाकली मूठ उघडायची खाज कुणाला सुटली रे?" मलाच सुटली. तेव्हा पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

जोडीला स्टॅन वोयचिक आहे. कारखान्यात बाबांच्या शेजारच्या टेबलावर शिकाऊ होता तो. आता त्र्याऐंशीचा आहे, पण जीभ तशीच. जुन्या सहा बॅटऱ्या फुगून फुटल्या होत्या. एकेक उचलताना दोघांच्या कमरा बोलल्या. त्यांच्या जागी नव्या लिथियमच्या बसवल्या, वजनाला निम्म्याहून कमी आणि ताकदीला दुप्पट. वेग बदलताना व्हायची ती टकटकही गेली, ते काम आता एक छोटी पेटी करते. स्टॅन म्हणतो, "म्हातारीला नवं काळीज बसवलंयस, आता जपून हं, पळून जाईल." पुढच्या लोखंडी पट्टीवरचे ओरखडे त्याला घासून काढायचे होते. मी हात लावू दिला नाही. पहिल्यांदा चालू केला तेव्हा आवाज म्हणून झाला नाही, नुसतं गवत दबत गेलं. तो इतका मुका आहे हे मी विसरलो होतो. नाही, खोटं कशाला बोलू, विसरलो नव्हतो.

मागच्या बुधवारी ब्रेक खोलला. आतला पट्टा हातात घेऊन स्टॅन खिडकीपाशी गेला आणि नखानं खरवडून पाहिला. मग म्हणाला, "हा झिजलेला नाही रे, जळलाय. कोळसा झालाय बघ. म्हणजे ब्रेक ओढलेला होता आणि मोटर त्याला ढकलत राहिली. पोरगी खरं बोलत होती, एल्बर्ट." लोर्ना, मी तिथेच डब्यावर बसलो. शेरीफच्या पोलिसासमोर स्वयंपाकघरात तू सोळा वर्षांची, हाताला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातली माती, ओरडत होतीस, "मी ओढला होता, देवाशपथ ओढला होता!" आणि रूथआत्या म्हणाली, "देवाला मध्ये आणू नकोस बाई, तो बघत होता." अठरा पूर्ण झाल्याबरोबर तू ओरेगनला गेलीस. नाताळात तुझी लेक फोनवर सांगत होती, मम्मी अजून गाडी लावली की तीनदा परत जाऊन ब्रेक बघते. हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

पण स्टॅन गप्प बसणाऱ्यातला नाही. "सीटवरून उठलं की खालचा खटका सुटतो आणि करंट तुटतो. मग रिकाम्या सीटवर मोटर चाललीच कशी? वर भूत बसलं होतं का?" मी म्हटलं, गंज आला असेल. त्याच्या भरलेल्या कपातच मी पुन्हा कॉफी ओतली, ते त्यानं पाहिलं.

काल दुपारी स्टॅन नव्हता. ब्रेकला नवा पट्टा घालून ट्रॅक्टर मी चढावर नेला, तू जिथे सोडला होतास अगदी तिथे. खाली वाफ्यात, बाबा गुडघ्यांवर बसून तण काढायचे त्या जागी, पाल्याची गोणी ठेवली. ताकद जुन्याइतकी कमी केली, ब्रेक ओढला आणि मोटर बंद न करता, तू उतरली होतीस तसाच उतरलो. सहा मिनिटं काही झालं नाही. पक्षी ओरडत होते. मग जळका वास आला. मग तो निघाला, माणूस चालतो तितक्याच वेगानं. मी पाच पावलांवर उभा होतो, तरी मला ऐकू आला नाही. तोंड फिरवून बसलेल्या माणसाला काय ऐकू येणार? गोणीवरून गेला आणि कुंपणाला अडला. मी पळत जाऊन चावी काढली.

रिकाम्या सीटवर तो चालला कसा, हे तूही विचारशील. चालला, कारण मी त्याला तसा केला. त्या दिवशी सकाळी मी वादळात पडलेल्या फांद्या उचलत होतो. दर वेळी उतरलं की मेला बंद पडायचा. वैतागलो आणि खटक्याच्या दोन टोकांवर चार बोटं तार गुंडाळली. जेवणानंतर तू ट्रॅक्टर घेऊन गेलीस तेव्हा मी वरच्या खोलीत लोळत पडलो होतो. सांगायचं राहून गेलं. एवढंच, लोर्ना, राहून गेलं. पण संध्याकाळी सगळे इस्पितळात असताना मी पक्कड घेऊन ती तार काढली, ते राहून गेलं नव्हतं. मग हात धुतले, आणि तुम्ही सगळे परतल्यावर स्वयंपाकघरात आलो, तुझी शपथ ऐकली आणि दाराशी गप्प उभा राहिलो. तार बाबांच्या तंबाखूच्या डबीत ठेवली होती. काल तीच पुन्हा बांधली, आज काढली. सोबतच्या खोक्यात ती आहे आणि तेव्हाचा जळका पट्टाही. दोन्ही लेकीला दाखव आणि मामानं काय केलं ते सांग. हे टपालात टाकून मी तसाच स्टॅनकडे जाणार आहे, त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला. माफी मागत नाही, ती मागायची लायकी नाही. एकच मागतो. आज गाडी लावलीस की ब्रेक एकदाच ओढ आणि सरळ घरात जा. तो तेव्हाही लागलेला होता.

अजून तसं म्हणू देत असशील तर तुझाच,
एल्बर्ट