कासव पुढे घातलं

रविवार, संध्याकाळ. चारकोप.

सुटले एकदाची. दादा लग्नानंतर दहिसरला राहायला गेला, तेव्हा मी त्याला "पळालास" म्हटलं. त्यानंतर चार महिने अबोला. तरी आज बोरिवलीला व्हिडिओ गेमच्या जोडी स्पर्धेत एकत्र खेळलो, कारण नावं आधीच दिली होती.

पात्र म्हणून मी माझं जाडजूड कासव घेतलं, त्याने वाघ. ते मारत नाही फारसं. वार झेलतं, जोडीदाराला सांभाळतं. दादा स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "हे कोणाला मारणार? आपल्याला हरवणार तू." तरी मी बदललं नाही. हट्टच, दुसरं काय?

शेवटच्या लढतीत त्याचा वाघ मरायला टेकला आणि समोरचे दोघेही त्याच्यावर तुटून पडले. मी कासव पुढे घातलं. दोन्ही वार त्याने खाल्ले, जेमतेम जीव उरला. मग वाघाने दोघांना आडवं केलं.

बाहेर आल्यावर दादाने विचारलं, "तू नेहमी असंच खेळतेस?"

"पहिल्यापासून. तू कधी बघितलंस रे?"

मग म्हणाला, "घरी ये ना. तुझी वहिनी रोज विचारते."

शनिवारी जातेय.

घरी आले तर आईने जिंकलात का ते विचारलंच नाही. म्हणाली, "बोलला?"

बोलला, म्हटलं.