वाळू चालते

३ मार्च

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिले, मनातून देत नाही.

तुझ्या कंपनीचा अहवाल काल आमच्या ऑफिसात आला. पान अकरा वाचून डोकंच फिरलं. समुद्रतळावरचा वाळूचा बांध उपसला तरी खड्डा आपोआप भरून येईल, कारण 'वाळू चालते', असं एका भूशास्त्रज्ञाचं मत आहे म्हणे! ती भूशास्त्रज्ञ मी. तुझ्या वाढदिवसाच्या पत्रात गमतीने लिहिलेलं वाक्य तू उचललंस. पुढचं कुठे गेलं? 'पण आपल्याच जागी येरझाऱ्या घालते, नवी येत नाही.' ते गिळलंस?

हजारो वर्षांपूर्वी समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा तिथे किनारा होता. पाणी चढलं, वाळू बुडाली, आणि प्रवाहांनी तिचे कोसभर लांब बांध रचले. आता नदीची वाळू तिथवर पोचतच नाही. उपसली की संपली. मोठ्या लाटा आधी तिथे फुटतात आणि दमून आईच्या अंगणापर्यंत येतात. बांध गेला तर आईचं घर जाईल, शेजारची बावीस घरं जातील. वाळू उपसण्याच्या परवान्याची सुनावणी बारा तारखेला आहे. त्याआधी अहवाल मागे घे.

लोभ अजून आहे, तो टिकवणं तुझ्या हातात.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. तू समोर असतीस तर पिळलाच असतास. साहेबांना आकडे नको होते, एक वाक्य हवं होतं. मी अर्धं दिलं. खड्डा भरणार नाही हे मला कळतं गं, मीही इंजिनिअर आहे. पण अहवाल मागे घेतला तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. आईची काळजी करू नकोस. तिला मी इकडे आणतो. वरची खोली गेल्याच महिन्यात रंगवून घेतली, खिडकीही मोठी केली.

हे आपल्या दोघांतच राहू दे. राग सोडावास, धाकट्याला सांभाळून घ्यावंस.
तुझा गोट्या

११ मार्च

चि. गोट्यास,
आशीर्वाद.

अहवाल या महिन्यातला आणि खोलीचा रंग गेल्या महिन्यातला. म्हणजे घर जाणार हे ठाऊक असूनच तू सही ठोकलीस. त्या बावीस घरांसाठी कोणी खोल्या रंगवल्यात रे? लाज कशी वाटली नाही? तीन दिवस मी नुसती धुमसते आहे.

आपल्या दोघांत राहू दे म्हणतोस. नाही राहणार. उद्या मी हरकत नोंदवते आहे आणि तिला तुझं पत्र जोडलं आहे. सगळंच्या सगळं, एक शब्दही न गाळता.

आईला ते आधी दाखवलं. तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि अक्षर तुझंच ना, एवढंच विचारलं. मग म्हणाली की सुनावणीत ते मी वाचायचं नाही, तीच वाचणार. हे पत्र आजच माणसाहाती पाठवते आहे, कंपनीकडून तू उद्या हजर असशीलच. पुढच्या रांगेत बस, हल्ली तिचा आवाज लांबवर पोचत नाही.

लोभ सुटत नाही, त्याचाच जास्त राग येतो.
ताई